वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड

ओनोमिचीत चढणीवर घर असलं
की भाडेकरू मिळणं मुश्कील.
दोनशे बारा पायऱ्या,
आणि नळाला गरम पाणी येतं ते स्वतःच्या मर्जीनं.
तीन महिने पाटी लटकत होती.
म्हणून ते आले तेव्हा मी हात मोजले नाहीत.
मागाहून मोजले.
सहा. थंडीत सात.

आगाऊ भाडं रोख.
नोटा खऱ्या होत्या, फक्त जरा कोमट.
त्यांचं नाव घ्यायला अकरा मिनिटं लागतात
आणि मध्येच एकदा शिट्टी वाजवावी लागते.
शिक्के कोरणाऱ्या उसामीनं हात टेकले.
दारावर आधीच्या भाडेकरूची पाटी तशीच होती:
मिनोबे.
"ही चालेल?" त्यांनी विचारलं.
न चालायला काय झालं!
झाले मिनोबे.

मग कचऱ्यावरून रण पेटलं.
दर अमावास्येला हे गृहस्थ कात टाकतात,
शब्दशः,
आणि घडी घालून, दोरीनं बांधून
मंगळवारी कोपऱ्यावर ठेवतात.
मंगळवार जळणाऱ्या कचऱ्याचा.
कात जळेना.
हानझावा आजोबांनी तीन दिवस काडी लावून पाहिली,
ती नुसती गुणगुणली.
गल्लीची सभा भरली. चहा दोनदा झाला.
ठराव असा, की कात म्हणजे मोठं सामान,
चारशे येनचं तिकीट चिकटवावं.
यानाचाही निकाल त्याच बैठकीत लागला:
सायकल समजावी,
पुढच्या बाजूला घंटी हवी.

घंटी बसवली त्यांनी.
आता पहाटे आकाशात कुठेतरी
ट्रिंग वाजतं
आणि मांजरं वर बघतात.

नोव्हेंबरात खोकं आलं.
आत सुकवलेली काकीफळं, लोकरी मोजे,
आणि चिठ्ठी: "बाळा, जेवतोस ना?"
जुन्या मिनोबेच्या आईची.
तो पठ्ठ्या दोन वर्षांपूर्वी गेला,
नवा पत्ता कुणालाच न देता.
मी म्हटलं, परत पाठवू.
तोवर यांनी उत्तर लिहून पोस्टातही टाकलं होतं.
"जेवतो. फळं गोड होती, बियांसकट.
मोजे दोन हातांना पुरले,
बाकीचे चार गारच."

पुढच्या वर्षी मोजे आले सहा.
म्हातारीला थट्टा वाटली असेल,
मी मनाची समजूत घातली.
पत्रं मात्र वाढत गेली.
गुडघ्याला काय लावावं,
शेजारीण कशी खडूस आहे,
तुझ्याकडे चंद्र किती दिसतात.
"इथून एकच," यांनी लिहिलं, "सवय होते आहे."

आणि फेब्रुवारीत ती स्वतःच आली.
शिमानेच्या डोंगरातून, दोन गाड्या बदलून,
दोनशे बारा पायऱ्या चढून,
पाठीवर गाठोडं.
मी दारात आडवी झाले.
खरं सांगायचं ठरवलं होतं,
वाक्यही पाठ केलं होतं.
पण वरून हे घाईघाईनं उतरले,
साती हात पुढे,
कानांच्या जागी जे आहे ते लाल झालेलं.

तिनं चश्मा पुसला.
वरपासून खालपर्यंत बघितलं.
बराच वेळ.
"वाळलास," म्हणाली.

संध्याकाळी भांडी विसळताना
मीच विषय काढला. अडखळत.
ती पातेलं घासत राहिली.
"माझा तो," म्हणाली,
"वीस वर्षांत एक ओळ लिहिली नाही त्यानं.
हा परतीच्या टपालानं लिहितो."
मग पातेलं माझ्या हातात दिलं.
"तळ लागलाय तुमच्या या भांड्याला. राख आहे का?"

गाठोड्यातून मोजे निघाले.
सात.
सातवा जरा मोठा, निळा.
हिवाळ्यातलं तिला कुणी सांगितलं,
मी विचारलं नाही.

ती अजून आहे. वरच. भाडं वाढवावं म्हणते मी,
पण तोंडातून निघत नाही.
काल तिनं हानझावा आजोबांना गाठून
जळणारा कचरा कुठल्या वारी, हे विचारलं,
आणि त्यांनी सांगितलेलं
चूक आहे, असंही सांगितलं.